हाताजोगी बंदूक

आयुष्यात मी एकंदर तीन बंदुका विकत घेतल्या आणि तिन्ही सासऱ्यांसाठी. माहेरच्या एखाद्या कार्यात मी हे सांगितलं की पंगतीतली माणसं जेवायची थांबतात. आमचं माहेर जळगावचं. वडील पोस्टात होते. घरातलं सगळ्यात घातक हत्यार म्हणजे विळी, आणि तीही आईशिवाय कुणी हातात घ्यायची नाही. अशा घरातून लग्न होऊन मी बडोद्याला आले, ती थेट शिपायांच्या घरात.

शिपाई म्हणजे फार पूर्वीचे. सासऱ्यांचे वडील आणि आजोबा संस्थानच्या फौजेत होते. सासरे स्वतः प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. माझा नवरा एका रसायनांच्या कंपनीत पाळीवर जायचा. फौज केव्हाच मोडली होती, पण समा भागातल्या आमच्या घरातून ती हलली नव्हती. चपला दारात एका ओळीत, टाचा भिंतीला. अंथरुणाच्या घड्या कोपऱ्याला कोपरा जुळवून. आणि समोरच्या खोलीतल्या कपाटात आजेसासऱ्यांची एकनळी बंदूक. तिचा परवाना सासऱ्यांच्या नावावर होता.

दसऱ्याला ती पाटावर यायची. शेजारी कारखान्यातला मोठा पाना आणि हातोडी. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. पूजा झाली की सासरे ती उजव्या हाताने उचलायचे, कपाळाला लावायचे आणि परत ठेवायचे. बंदुकीचं वजन काही कमी नव्हतं, तरी डावा हात मदतीला यायचा नाही. हत्यार डाव्या हाताने उचलत नाहीत, असं मला सांगण्यात आलं. का, असं मी नवी नवरी असताना विचारलं होतं. त्यावर सासरे म्हणाले, नाही उचलत. एवढंच त्याचं स्पष्टीकरण, आणि त्या घरात तेवढं पुरेसं असायचं.

सासूबाई माझ्या लग्नानंतर लवकरच गेल्या. नवरा पाळीवर गेला की घरात मी आणि आबा. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो. मी शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचे आणि आबा माझी भाजी चिरून द्यायचे. त्यांनी चिरलेली गवार बघत बसावी अशी असायची, सगळे तुकडे एका लांबीचे. माझ्या हातची गवार बघून ते एकदा म्हणाले होते की हा माल तपासणीत पास व्हायचा नाही. मला सासर लाभलं म्हणतात ते या माणसामुळे. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. तशी पद्धत नव्हती.

मग एके सकाळी पेपर वाचता वाचता त्यांच्या हातातून चहाचा कप सुटला. मला वाटलं डुलकी लागली. बघते तर ओठाचा कोपरा खाली आलेला आणि डोळे माझ्याकडे. दवाखाना, इंजेक्शनं, धावपळ सगळं झालं आणि आबा घरी आले. पाय थोडा ओढत का होईना, चालायला लागले. बोलणं जड झालं होतं, तोंडात काहीतरी ठेवून बोलल्यासारखं. पण उजवा हात आलाच नाही. तो मांडीवर पडून असायचा, दुसऱ्या कुणाची तरी वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, पायाची काळजी करू नका, हाताची करा. सुरुवातीचे काही महिने काय ते खरे. बोटं वापरात राहिली तर परत येतील. नाही राहिली तर आखडतील आणि मग तशीच राहतील.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिने एक लाल रबरी चेंडू दिला. दिवसभर दाबत बसा म्हणाली. ती गेल्यावर आबांनी आधी चेंडूकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, आता या वयात चेंडू खेळू काय. चेंडू दिवाणाखाली गेला तो तिथेच राहिला. मी समजावलं, नवरा ओरडला, ती मुलगीसुद्धा रुसून बसली. आबा ऐकून घ्यायचे आणि बारीतून बाहेर बघत राहायचे. बारी म्हणजे खिडकी. बडोद्यात इतकी वर्षं काढल्यावर मीही आता तेच म्हणते.

खरा घोर जेवणाचा होता. डाव्या हाताने ते जेवेनात. चमचा दिला तरी नाही. डाव्या हाताने अन्न खायचं हे त्यांच्या हिशेबात बसतच नव्हतं. मग मी भरवायचे. सुनेच्या हातून घास घ्यायचा म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चार-पाच घास झाले की म्हणायचे, बस, भरलं. भरवणाऱ्याला सगळं कळतं. पोट भरल्यावरची मान वेगळी हलते आणि लाजेने हलते ती वेगळी. दोन वेळा तीन-तीन भाकऱ्या खाणारा माणूस माझ्यासमोरून रोज उपाशी उठत होता. सदऱ्याची गळपट्टी सैल पडली, लेंग्याची नाडी कुठल्या कुठे आवळावी लागायला लागली. हात आला नाही तर हा माणूस लाजेपायी असाच वाळत जाणार, हे मला दिसत होतं. माझा जीव त्या हातात अडकला होता.

त्यातच त्यांनी बंदूक घरातून काढली. परवान्याचं नूतनीकरण आलं होतं. ज्याच्या हातात ताकद नाही त्याने ती ठेवू नये, असं म्हणून त्यांनी मुलाला ती बंदुकीच्या दुकानात जमा करून यायला सांगितलं. मुलगा रिक्षात बसेपर्यंत आबा ओट्यावर ताठ उभे होते. आत आल्यावर मात्र भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं. ज्या माणसाला चेंडू दाबायची लाज वाटते, त्याला चाप दाबायची वाटणार नाही. मी नवऱ्याला म्हटलं, आपण त्यांना हवेची बंदूक घेऊ, छर्ऱ्यांची. तिला परवाना लागत नाही, बोटाला व्यायाम होईल. नवऱ्याला ते एकदम पटलं. इतकं पटलं की मला भीतीच वाटली. मात्र त्याने एक अट घातली. आबांच्या हातात खेळणं द्यायचं नाही हां, घ्यायची तर खरी घ्यायची.

आम्ही त्याच दुकानात गेलो. काउंटरवरच्या वयस्क गुजराती गृहस्थांनी विचारलं, ‘‘शेना माटे जोइए छे? वांदरा भगाडवा के निशान माटे?’’ माकडांसाठी की नेमबाजीसाठी. नवरा म्हणाला निशान. मी म्हटलं हात. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुढची सगळी चर्चा नवऱ्याशी केली. लांब बंदुका निघाल्या, मग पिस्तुलं निघाली. नवरा पल्ला विचारत होता, मी वजन विचारत होते. शेवटी एक लोखंडी पिस्तूल घेतलं, लाकडी मुठीचं, काळंभोर. हातात धरलं की माणूस उगीच ताठ उभा राहील असं. आम्हा दोघांनाही ते घराण्याला साजेसं वाटलं. सैनिकाच्या घरात बंदूक निवडायची म्हटल्यावर घराण्याकडे बघितलं गेलं. हाताकडे बघायचं राहून गेलं.

घरी आणल्यावर आबांचे डोळे खरंच चमकले. त्यांनी उजवा हात डाव्याने उचलून पुढे केला. नवऱ्याने पिस्तूल तळव्यात ठेवलं, बोटं मुठीभोवती बसवली. हात खाली गेला, पण आबांनी तो परत वर आणला. मग ते भरायची वेळ आली. त्या पिस्तुलाची नळी मधून मोडून खाली दाबावी लागायची, तेव्हा आतली स्प्रिंग ताणली जायची. धडधाकट माणसालाही जोर लागायचा. आबांनी मूठ मांडीवर टेकवली, डाव्या हाताने नळी धरली, दात आवळले. उजवी पकड सुटली. पिस्तूल लादीवर आपटलं आणि लादीचा टवका उडाला. नवरा धावून गेला आणि म्हणाला, थांबा आबा, मी करून देतो. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण याहून वाईट वाक्य त्या घडीला सापडलं नसतं.

आबा म्हणाले, ‘‘ठेव कपाटात.’’ त्या संध्याकाळी त्यांनी दोनच घास घेतले.

मला राग येतो तेव्हा मी भांडी घासते. त्या रात्री स्वच्छ भांडीसुद्धा पुन्हा घासली. राग नवऱ्यावर होता, दुकानदारावर होता आणि त्याहून जास्त त्या रुबाबदार पिस्तुलावर. सकाळी उठून ठरवलं की आता कुणाला बरोबर न्यायचं नाही. शिकवणीच्या मुलांना सुट्टी दिली, स्कूटी काढली आणि मंगळबाजार गाठला.

त्या वर्षांत बाजारात सगळंच चीनहून यायला लागलं होतं. टॉर्च, घड्याळं, गणपतीपुढच्या दिव्यांच्या माळा. आणि ढिगाने पिस्तुलं. प्लॅस्टिकची, आत स्प्रिंग, आणि ज्वारीपेक्षा थोडे मोठे पिवळे प्लॅस्टिकचे छर्रे. दिवाळीत पोरं एकमेकांच्या ढुंगणावर मारायची ती. एका हातगाडीवर ती टोपलीत वांगी रचावीत तशी रचून ठेवली होती. मी बाही सावरली आणि वांगी निवडावीत तशीच निवडायला लागले.

मला काय हवं ते आता नेमकं माहीत होतं. रोज सकाळी मी माझं बोट आबांच्या उजव्या मुठीत द्यायचे आणि म्हणायचे, दाबा. त्या दाबाची मला पुरती ओळख होती. किती येतो, कुठल्या बोटाचा येतो, करंगळीचा अजिबात कसा येत नाही, सगळं. म्हणून प्रत्येक पिस्तुलाचा चाप ओढताना मी डोळे मिटायचे आणि तो दाब आठवायचे. एक चाप फारच कडक निघाला. एकाची मूठ इतकी जाड की आबांची बोटं तिच्याभोवती पोचलीच नसती. एक बॅटरीवरचं होतं, बटण दाबलं की आपोआप फटफट सुटायचं. ते हाताला काही कामच ठेवत नव्हतं. एक आरपार दिसणारं निळं होतं. ते आबांच्या हातात दिलं असतं तर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं. वजनाला हलकं हवं, पण अगदी पोकळ नको. काळं हवं. वरचा भाग मागे ओढला की भरलं जाणारं हवं, म्हणजे तेवढं काम डाव्या हाताला करता येईल.

गाडीवाला माझ्याकडे बघत होता. शेवटी त्याने विचारलं, ‘‘बेन, छोकरो केटला वरसनो छे?’’ मुलगा किती वर्षांचा. मी म्हटलं, ‘‘सित्तेरनो.’’

सत्तर वर्षांचा मुलगा ऐकून तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. कुणाला काय झालंय, एवढंच विचारलं. मी हात लुळा पाडून दाखवला. मग त्याने खालून एक खोकं काढलं. त्यातलं चौथं की पाचवं पिस्तूल मी उचललं, चाप ओढला आणि मला माझं बोट आबांच्या मुठीत असल्यासारखं वाटलं. बरोबर तेवढाच दाब. स्वतःच्या तळव्यावर एक छर्रा मारून पाहिला. चिमटा काढल्यासारखं झालं, बाकी काही नाही. ते पिस्तूल आणि छर्ऱ्यांची एक पिशवी घेऊन मी घरी आले.

आता ते द्यायचं कसं, याचा मी रस्ताभर विचार केला होता. नवऱ्यासारखं पुढे करायचं नाही. गच्चीवर माकडं येतात, माझे पापड नेतात, मला तेवढं नेम धरायला शिकवा, असं काहीतरी म्हणायचं. भाषण तयार होतं. पण आधी एकदा बघावं म्हणून मी ते खोक्यातून काढलं, बारीपाशी गेले, एक डोळा मिटला आणि सिनेमातल्यासारखं रोखलं. समोरच्या घराच्या ओट्यावर शेजारीण कपडे वाळत घालत होती.

‘‘नळी खाली.’’

आवाज मागून आला आणि इतका स्वच्छ आला की मी दचकून पिस्तूल खाली केलं. आजारपणानंतर त्यांचे इतके खणखणीत शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. आबा दिवाणावरून उठले होते.

त्या घरातला हा आणखी एक नियम, त्यात मात्र कधीच सूट नव्हती. जिवंत वस्तूवर नळी रोखायची नाही. भरलेली असो, रिकामी असो, मोडकी असो. माझा नवरा लहानपणी रंगपंचमीची पिचकारीसुद्धा लोकांच्या पायावर मारायचा. तोंडावर मारली तर घरी मार बसायचा. हे मला ठाऊक होतं. पण प्लॅस्टिकच्या पिस्तुलाला हा नियम लागू असेल, हे माझ्या जळगावच्या डोक्यात आलं नव्हतं. मी म्हटलं, आबा, खेळणं आहे हो हे.

‘‘नळी आहे ना? मग बंदूकच ती,’’ आबा म्हणाले. पाय ओढत ते माझ्यापर्यंत आले. ‘‘दे इकडे. धरायची कशी ते तरी शीक.’’

आणि त्यांनी हात पुढे केला. उजवा. डाव्या हाताने उचलून नाही, तो आपणहून आला. कमरेपर्यंतच आला, थरथरत आला, पण आला. मी पिस्तूल त्यात ठेवलं आणि भाषण विसरून गेले.

त्यानंतर रोज सकाळी मागच्या ओट्यावर आमची कवायत सुरू झाली. दोरीवर जुनी चादर, तिच्यापुढे खाकऱ्यांच्या डब्याचं झाकण लटकवलेलं. पहिले काही दिवस चापावर त्यांचं बोट आणि त्यांच्या बोटावर माझं. मी दाबायचे, सुटायचं. मग माझा जोर थोडा थोडा कमी करत गेले. एके दिवशी मी बोट नुसतं टेकवून ठेवलं होतं, दाबलंच नव्हतं, आणि झाकण टण्ण करून वाजलं. आबा म्हणाले, भर परत. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं म्हणून मी छर्रे शोधायच्या निमित्ताने खाली वाकले.

दोन दिवसांनी वरच्या मजल्यावरच्या जैन बाई खाली आल्या. कबुतरांची त्यांना काळजी पडली होती. त्यांच्या मनाला ते बरोबर वाटत नव्हतं आणि कसं बोलावं ते कळत नव्हतं. आबांनी जड जिभेने गुजरातीत त्यांना सांगितलं की आमच्यात जिवावर नळी रोखत नाहीत, तुम्ही निश्चिंत राहा. बाई गेल्या, आणि आठवड्याने त्यांच्याकडचं मुखवासाच्या डब्याचं पितळी झाकण घेऊन आल्या. त्याचा आवाज जास्त चांगला येतो म्हणाल्या. खरंच चांगला यायचा.

पण हात परत आणला तो चापाने नाही, छर्ऱ्यांनी. झाडलेला प्रत्येक छर्रा परत गोळा झाला पाहिजे, हा आबांचा कायदा. झाडूने गोळा करायला गेले तर म्हणायचे, कारखान्यात आम्ही वॉशरसुद्धा केरात जाऊ दिला नाही. म्हणून ते स्वतः ओट्याच्या पायरीवर बसून एकेक वेचायचे, डाव्या हाताने. मी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, आबा, हत्यार डाव्या हाताने उचलत नाहीत ना? मग दारूगोळा कसा उचलता?

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. फोरमनने लबाडी पकडावी तसं बघितलं. पण नियम त्यांचाच होता. डावा हात मांडीखाली गेला आणि उजवा पुढे आला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये तो पिवळा दाणा धरायचा. धरला की निसटायचा, निसटला की पायरीखाली जायचा, तुळशीच्या मागे जायचा. आबा त्याला कारखान्यातल्या गुजराती शिव्या द्यायचे आणि मी बहिरी व्हायचे. सकाळची चादर-झाकणाची करमणूक पाव तासाची, वेचणं मात्र दुपारच्या जेवणापर्यंत. व्यायामाची मुलगी आली, तिने बोटं वाकवून पाहिली आणि म्हणाली, काय करताय ते मला सांगू नका, पण थांबवू नका.

एके दिवशी मी पोहे भरवत होते. ताटलीच्या कडेला एक शेंगदाणा राहिला होता. आबांचा हात मांडीवरून उठला, ताटलीत आला, दोन बोटांनी दाणा चिमटीत धरला आणि तोंडापर्यंत नेला. मी दूधवाल्याबद्दल बोलत होते ते तसंच बोलत राहिले. थांबले असते तर त्यांनी हात मागे घेतला असता. दुसऱ्या दिवशी मी पोह्यांत शेंगदाणे दुपटीने घातले. मग ताटली त्यांच्यापुढे ठेवून फोडणी जळते म्हणत आत जायला लागले. परत येईपर्यंत निम्मे पोहे सदऱ्यावर असायचे, पण निम्मे पोटात असायचे. भात, मग भाकरीचा तुकडा. एक भाकरी संपवायला त्यांना तास लागायचा. मी खाली पेपर पसरून ठेवायचे आणि त्या तासभर माझ्या लेखी ते जगात नसायचे. नवरात्रापर्यंत ते एकटे बसून जेवायला लागले. भरलं असं म्हणायचे तेव्हा खरंच भरलेलं असायचं. अर्धीच भाकरी, पण स्वतःच्या हाताने आणि मान वर करून.

मधे त्या चिनी पिस्तुलाची स्प्रिंग बसली. मी परत मंगळबाजारात गेले. या वेळी जरा कडक चापाचं मागितलं. गाडीवाल्याने ओळखलं. ‘‘केम छे छोकरो?’’ त्याने विचारलं. मी म्हटलं, ‘‘हवे जाते जमे छे.’’ आता स्वतःच्या हाताने जेवतो. त्याने छर्ऱ्यांची पिशवी वर टाकली आणि तिचे पैसे घेतले नाहीत.

दसऱ्याला नवऱ्याने पाट मांडला. पाना, हातोडी, आणि मधे ते लोखंडी पिस्तूल. आबांनी पाटाकडे बघितलं आणि मला म्हणाले, आपली आण. नवऱ्याला आधी कळलं नाही, कळल्यावर त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. प्लॅस्टिकला हळदकुंकू लावायचं का, असं तो विचारणार होता. मी डोळे मोठे केले. प्लॅस्टिकवर कुंकू ठरत नव्हतं, मी बोट ओलं करून दाबून लावलं. आबांनी ते उजव्या हाताने उचललं. कपाळाला न्यायला गेले ते आधी नाकाला लागलं. कुणी हसलं नाही. मग आबाच हसले, आणि तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांनी हसले. नवरा घाईघाईने आपट्याची पानं आणायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

हात पूर्वीसारखा कधीच झाला नाही, हे सांगायला हवं. गवार परत त्यांच्या मापाची झाली नाही, कारखान्यातला पाना त्यांना पुन्हा उचलता आला नाही. खांद्याच्या वर तो जायचा नाही आणि फार वेळ उचलून धरता यायचा नाही. पण जेवणापुरता तो आला, आणि आम्हाला दोघांना तेवढा पुरला.

पुढच्या वर्षी गावभर चिकुनगुनियाची साथ आली. सोसायटीत घराघरातून माणसं भिंत धरून चालत होती. मलाही आला. ताप उतरला तरी सांधे धरलेले. बोटं सुजून इतकी ताठ झाली की पाण्याचा पेला धरता येईना. नवरा दुपारच्या पाळीला गेला होता. जाताना डबा झाकून ठेवला होता, पण मला उठवत नव्हतं, आणि आबांना सांगायचं तर ते आपलं आपण कसंबसं जेवणारे. मी न जेवता डोळे मिटून पडले. भूक लागली होती. माझ्या आजारपणात सासऱ्यांना कामाला लावायचं, हे काही मला सुचणार नव्हतं.

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. मग दुसरं पडलं. बऱ्याच वेळाने आबा ताटली घेऊन आले, डाव्या हातावर तोललेली. वरणभात होता. कडेने सांडलेला, तुपाची मोठी ढेप वर तशीच. खुर्ची पायाने ओढून ते माझ्या पलंगाशी बसले. मी म्हटलं, ठेवा आबा, मी खाईन नंतर. त्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं. मग ताटली मांडीवर ठेवली आणि उजव्या हाताने भात कालवायला लागले. सावकाश, गुठळी फोडत, तूप सगळीकडे लागेल असं.

मला काय करावं ते कळेना. सासऱ्यांच्या हातून घास! लहान मूल असते तर गोष्ट वेगळी. मी संकोचाने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं आणि म्हटलं, आबा, नको, खरंच भूक नाही. तेवढ्यात त्यांच्या पाच बोटांत घास गोळा झाला होता. हात ताटलीवरून निघाला. मधे एकदा थांबला, खाली आला, परत वर आला. शितं माझ्या पांघरुणावर पडत होती. तो माझ्या ओठांपाशी येऊन थरथरत उभा राहिला आणि माझ्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, ते काही केल्या थांबेना.

‘‘रडतेस काय पोरी, तोंड उघड लवकर,’’ आबा म्हणाले. ‘‘मला फार वेळ हात धरवत नाही.’’